दुपारपर्यंतचा गडी

आमच्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी गडी बैल बांधतो, वैरण टाकतो, आसूड मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवतो आणि घरी येतो. तेवढी एक रात्र तो कोणाचा गडी नसतो. पाडव्याला ओट्यावर पुढच्या सालाचं बोलणं होतं. जमलं तर तो आसूड उचलतो, नाही जमलं तर दुसऱ्याच्या ओट्यावर जातो. माझ्या बानं माझ्या जन्माच्या आधीपासून आसूड एकाच ओट्यावर ठेवला आणि तिथूनच उचलला. मालक वाईट माणूस नव्हते. चांगले होते असंही मला ठामपणे म्हणता येत नाही. ते मालक होते.

आमचं गाव हिंगोलीहून औंढ्याकडे जाताना रस्ता सोडून आत आहे. मालकांच्या मळ्यात विहीर आहे. तिच्या पाण्यावर हळद, थोडा ऊस आणि उन्हाळ्यात जनावरांपुरतं कडवळ होतं. बाचं मुख्य काम मोटेचं. बैल धावेच्या उतारावरून खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते. त्या वेळी मोट हाकणारा नाड्याच्या दोरावर बसतो, त्याच्या वजनानं बैलांचा भार थोडा हलका होतो, आणि धाव संपता संपता तो उडी मारून उतरतो. मग बैलांना तसंच उलट पावली वर आणायचं असतं. हे सगळ्यात अवघड. बैलाला मागचं दिसत नाही, पण मागे विहीर आहे हे त्याला माहीत असतं. तो मागे सरतो तो ओळखीच्या आवाजाच्या भरवशावर. म्हणून मोटेवर गाणं म्हणतात. लोकांना वाटतं करमणुकीसाठी म्हणतात.

मी लिहितो आहे त्या वर्षी दुसरी मोठी लढाई संपत आली होती आणि औरंगाबादच्या कॉलेजात माझं पहिलं वर्ष सरत होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेतही गेलं नव्हतं. हिंगोलीच्या शाळेत नंबर आला, शिष्यवृत्ती मिळाली, पुढं राहायची सोय झाली, असं एकेक होत गेलं. ठरवून कोणी काही केलं नाही. खरं तर माझ्या वयाच्या पोरानं बाच्या हातातला आसूड घ्यायचा असतो. आमच्याकडे म्हातारपण वयानं येत नाही, पोरगं कामाला लागलं की येतं. मी कामाला लागलो नाही, म्हणून बाचं म्हातारपण लांबलं. माझं शिक्षण संपेपर्यंत ते लांबणारच होतं.

आणि त्याच साली बाचा गुडघा गेला. गेला म्हणजे चालता येत होतं. सपाटीवर तो हळूहळू लांबपर्यंत चालायचा. पण नाड्यावरून उडी मारली की त्याचा चेहरा क्षणभर बदलायचा, आणि अशा उड्या दिवसभर चालायच्या. माय संध्याकाळी रुईची पानं तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायची. "ह्यो गुडघा आनखी दोन उन्हाळे काढत न्हाई," असं ती एकदा माझ्यासमोर बोलून गेली. बानं तिच्याकडे पाहिलं आणि ती पानं बांधू लागली. गुडघा पुरता गेला तर मला कॉलेज सोडून आसूड घ्यायला यावं लागेल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

त्याच हिवाळ्यात अर्थशास्त्राच्या तासाला मास्तरांनी एक प्रश्न घातला होता. शिकवणं सगळं उर्दूत, त्यामुळे अर्धं मला समजायचं आणि अर्धं मी अंदाजानं लिहून घ्यायचो. हा प्रश्न मात्र नीट समजला. माणसानं रोज जास्त तास काम करून लवकर घरी बसावं, की रोज कमी तास काम करून उशिरापर्यंत काम करत राहावं? शहरातली मुलं भराभर बोलली. एकाचे वडील कचेरीत होते. पंचावन्न झाल्यावर वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन ते घरी बसले होते आणि आता घरातल्या प्रत्येकाच्या कामात चुका काढत होते. तो म्हणाला, आणखी दहा वर्षं कचेरीतच ठेवले असते तर बरं झालं असतं, रोज दोनच तास का होईना. सगळे हसले.

मग मास्तरांनी मला विचारलं, तुमचे वडील रोज किती तास काम करतात? मी सांगितलं, उजाडायच्या आधीपासून दिवेलागणीपर्यंत. वय काय त्यांचं? ते मला माहीत नव्हतं. आजी सांगायची की मोठ्या दुष्काळात तो अंगावर पीत होता, तेवढंच. मी "मालूम नहीं" म्हणालो तेव्हा मुलं पुन्हा हसली. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, मग हा सवाल तुम्हाला सुटायचा नाही, त्याला दोन्ही गोष्टी माहीत पाहिजेत. ते बरोबरच म्हणाले असतील. पण मला वाटत राहिलं की वर्गात त्या प्रश्नाचं उत्तर कोणाला खरोखर हवं असेल तर ते मलाच.

पाडव्याच्या आधी मी गावी आलो. जेवताना धीर करून बाला म्हणालो, "बा, औंदा मालकाला अर्धा दिवस माग."

"अर्धा दिवस म्हंजी?"

"सकाळची जुंपन तुझी. दुपारी बैल सुटले की तू बी सुटायचं. त्याच्या पुढं दुसरा गडी."

बा हसला. मायला म्हणाला, "पोरगं कालेजात काय शिकून राहिलं बघ. अर्धा गडी कोन ठेवतो रे? एका पायाचं खेटर कोन शिवून घेतो का?"

"सालाचं धान्य कमी घ्यायचं. पर रोज निम्मं काम केलंस तर गुडघा दुप्पट टिकंल."

"गुडघा काय उसाचं कांडं हाय का? निम्मं आज खाल्लं, निम्मं उद्याला ठेवलं?"

"लेकरू बराबर बोलतंय," माय म्हणाली. "मागून तर बघा. न्हाई म्हनले तर आसूड हायच तिथं. पळून जातो का?"

बा उठला. हात धुऊन आला आणि मला विचारलं, "मालकाचा तो जुना बैल हाय का रे अजून? बांडा?" मला वाटलं त्यानं विषय बदलला. बैल आहे की नाही हे रोज गोठ्यात जाणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी "असंल" म्हणालो.

पाडव्याच्या दिवशी मी बासोबत गेलो. ओट्यावर मालक बसले होते, खाली चारपाच माणसं होती, आणि मालकीणबाई कडुलिंबाचा पाला आणि गूळ वाटत होत्या. आसूड खांबाला टेकून ठेवलेला होता.

"उचल गड्या," मालक म्हणाले. आमच्याकडे वर्षानुवर्षं बोलणं एवढंच व्हायचं.

"उचलतो मालक. पर दुपारपर्यंतच."

मालकांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, "दुपारपर्यंत! आन दुपारनंतर काय, पाटीलकी करनार हायस?" माणसं हसली. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ह्ये ह्याचं डोकं दिसतंय. काय रे कालेजवाल्या, तुमच्या पुस्तकात बैल बी दुपारपर्यंतच चालतेत का?"

बा म्हणाला, "पुस्तकातलं मला ठावं न्हाई. तुमच्या गोठ्यात चालतेत. तो बांडा बैल म्हातारा झाल्यापासून सकाळच्यालाच जुंपता तुमी. दुपारी सोडला की पुन्हा त्याच्या मानेवर जू ठेवत न्हाई. वैरन मातर पुरी."

"तो बैल घरचा हाय. माझ्या बानं आनलेल्या गाईचा."

"आन ह्यो कोन्या गावचा हाय?" मालकीणबाई मध्येच म्हणाल्या. "त्या बैलाला पैलं जू घातलं ते ह्यानंच."

"तू गूळ वाट."

"वाटूनच राहिले. तुमी बी घ्या, तोंड गोड करा, मंग बोला."

मालकांनी गूळ तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. मग म्हणाले, "देतो. पर मग माझं बी एक ऐक. मला दरसाली नवा अर्धा गडी हुडकता येनार न्हाई. अर्धा दिवस पायजे तर साल मधी सोडायचं न्हाई. हातपाय चालतील तवर यायचं. पोरगं शिकून कारकून झालं तरी यायचं."

"व्हय," बा म्हणाला आणि आसूड उचलला.

परत येताना माझ्या लक्षात आलं की काय झालं. मी शिकून नोकरीला लागलो की बा घरी बसेल, असा एक शेवट आमच्या मनात होता. त्याला आम्ही कधी नाव दिलं नव्हतं, पण तो होता. तो बानं ओट्यावर देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात रोजची दुपार घेतली. सौदा चांगला झाला की वाईट, मला कळेना. मी बाला विचारलं. तो म्हणाला, "झाला न्हवं? मंग झालं."

दुपारनंतरचा गडी जवळच्या तांड्यावरचा मिळाला. लेकुरवाळा माणूस, मिशा मोठ्या, बोलायला गमतीदार. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्यामुळे बैलांचं त्याला शिकवायची गरज नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पहिल्या दिवशी दुपारी बानं त्याच्या हातात आसूड दिला आणि घरी आला. भाकरी खाऊन भिंतीला टेकला. मी त्याला त्या वेळी घरात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरात तो मोठा दिसत होता.

त्याचा डोळा लागत होता तेवढ्यात तांड्याचा गडी दारात.

"काका, चला. तुमचे बैल मला बघून नवरीवानी उभे हायत. खाली मान, आन पाऊल हलंना."

बैल धाव उतरून खाली गेले होते. मोट थारोळ्यात ओतली होती. पण मागे यायला तयार नव्हते. त्यानं आसूड वाजवला, चुचकारलं, त्याच्या बोलीतलं गाणं म्हटलं. गाणं चांगलं होतं असं तोच म्हणाला. आम्ही सगळ्यांनी आसूड कोणी कधी धरायचा ते ठरवलं होतं, धान्य ठरवलं होतं, वैरण कोणी टाकायची तेही ठरवलं होतं. आवाजाचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

बा गेला. धावेच्या कडेला जांभळीचं झाड आहे, त्याच्या सावलीत बसला आणि त्यानं रोजचा आवाज दिला, "मागं सर रं लेकरा, मी हाय, मागं सर." बैल लगेच एकेक पाऊल मागे येऊ लागले. तांड्याचा गडी नाड्याशेजारून वर येत मोठ्यानं म्हणाला, "वा! पाय माझे, गळा काकाचा!"

त्या दिवसापासून बा दुपारी जेवून परत मळ्यात जाऊ लागला. नंतर नंतर दुपारी घरी येणंच सोडलं, मायच त्याची भाकरी जांभळीखाली पोचवायची. सकाळी तो पायांनी आणि आवाजानं काम करायचा, दुपारनंतर नुसत्या आवाजानं. घरी यायचा तो पूर्वीसारखाच दिवेलागणीला. मी मालकांना एकदा भीतभीत म्हणालो की दुपारनंतरचंही काही धरायला पाहिजे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बोलनं दुपारपर्यंतचं झालं. पुढं तुझा बा झाडाखाली बसतो, त्याला मी न्हाई म्हनलं का? सावलीचं मी काय घेत न्हाई."

मायला मी वजीफा शब्दाचा अर्थ सांगितला होता. ती म्हणायची, "तुज्या बाच्या गुडघ्याला वजीफा झाला. गळ्याला अजून न्हाई."

त्या उन्हाळ्यात मी मास्तरांच्या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. झाडाखाली बसून हाक देणं हे काम धरायचं की विश्रांती? बाला विचारलं तर तो म्हणायचा, "बसलो तर काम कसलं?" पण त्याला तिथून उठता येत नव्हतं. तहान लागली तरी बैल वर येईपर्यंत थांबायचा. मला उत्तर सापडलं नाही. गुडघ्याची सूज मात्र उतरली, हे मी पाहिलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मी कॉलेजात परत गेलो. पुन्हा गावी आलो तेव्हा थंडी पडली होती. मळ्याच्या वाटेवरून येताना मोटेचा आवाज ऐकू आला. चाल बाचीच होती, म्हणून मी सरळ जांभळीकडे गेलो. झाडाखाली कोणी नव्हतं. तांड्याचा गडी गात होता. "मागं सर रं" एवढं बाचं, आणि पुढचे शब्द त्याच्या बोलीतले, मला न कळणारे. बैल शांतपणे मागे येत होते.

"काका घरी," तो म्हणाला. "बैल आता माझी बी बोली शिकून राहिले. हुशार हायत. तुमच्यासारखे."

घरी बा उन्हात घोंगडी टाकून झोपला होता. मला बरं वाटलं. पण ते वाटणं फार टिकलं नाही, कारण मायनं सांगितलं, मालक येताजाता म्हणतात, आता दोन गडी कशाला?

ते खरं होतं. हातपाय चालतील तवर यायचं हे बानं कबूल केलं होतं, तवर ठेवायचं हे मालकांनी नाही. बैल एकाच्या आवाजानं चालत असतील तर तोच गडी पुरा दिवस घेईल. तो तरणा होता, त्याचे गुडघे धड होते. बानं मन लावून शिकवलं होतं आणि त्यामुळेच बाची गरज उरली नव्हती. मी बाला म्हणालो, "तू कशाला शिकवलंस?" तो म्हणाला, "बैलाला किती दिस उभं ठेवायचं?"

पुढच्या पाडव्याला ओट्याखाली दोघंही उभे होते. मी भिंतीशी होतो. मालकांनी बाकडे पाहिलंच नाही. तांड्याच्या गड्याला म्हणाले, "बैल ऐकतेत आता तुझं. पुरा दिवस घे. धान्य बी पुरं."

तो व्हय म्हणाला असता तर बाला आसूड मिळाला नसता आणि मला औरंगाबादला परत जाता आलं नसतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला भेटायला, विनवायला गेलो नव्हतो. बाला ते पटलं नसतं. आता बा खाली बघत होता.

"न्हाई मालक," तांड्याचा गडी म्हणाला. "सकाळ देता येत न्हाई."

"काहून?"

"सकाळ माझ्या वावराची हाय. माझ्या आज्याला वावर नव्हतं, नुसती वाट होती. आता तुकडा हाय तर सकाळचं तिथं उभं राहावं वाटतं."

"दुपारी उभा राहा की."

"दुपारी वावर दिसत न्हाई मालक, नुसतं ऊन दिसतं."

माणसं हसली. मालक चिडून म्हणाले, "चांगलं हाय! दोन अर्धे मिळून माझा एक गडी, आन सनासुदीला जेवायला मातर दोन पुरे!"

"वाढते कोन?" मालकीणबाई म्हणाल्या. "मी वाढते. तुमाला काय तकलीफ?"

मालकांनी हात उडवला. तो उडवणं म्हणजे होकार, हे ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं. बानं आसूड उचलला. दुपारी त्यानं तो जांभळीखाली दुसऱ्याच्या हातात दिला आणि घरी आला, आणि त्याला बोलवायला कोणी आलं नाही.

पहिले काही दिवस त्याला काय करावं ते समजेना. भाकरी खाल्ली की तो उठायचा, दारापर्यंत जायचा, उन्हाकडे बघायचा आणि परत यायचा. खाटेची सुंभं आवळली. कुडाला माती लावली. माय म्हणाली, "घरात अजून एक पाहुना आल्यावानी वाटतंय." मग एका दुपारी तो मला म्हणाला, "चल, तुज्या आत्याकडं जाऊन येऊ."

आत्याचं गाव ओढ्यापलीकडे, कोसभरावर. ती बाची एकटीच बहीण. बा तिच्याकडे लग्नाला, मयतीला आणि एकदा तिच्या लेकाच्या बारशाला गेल्याचं मला आठवतं. एरवी कधी नाही. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, आणि मोडायला दिवस त्याच्याकडे नव्हता. आम्ही हळूहळू गेलो. दोन-तीन झाडांखाली टेकलो. गुडघ्यानं कुरकुर केली नाही.

आत्या अंगणात वाळत घातलेली हळद पालथी करत होती. तिनं आम्हाला पाहिलं. बाला पाहिलं, मग मला, मग पुन्हा बाला. हातातलं सूप खाली पडलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"कोन गेलं?"

"कोन न्हाई गेलं," बा म्हणाला.

"वैनी का? सांग रे दादा. खोटं नको बोलू."

"ती घरी हाय. दळन करून राहिली."

"मंग कोनाचं लगीन निघालं? ह्या पोराचं?"

"न्हाई."

"मंग काहून आलास?"

बा अंगणात उभाच होता. "दुपार होती," तो म्हणाला. "म्हून आलो."

आत्याला ते कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी शिकलेला म्हणून. मीही "व्हय, म्हूनच आलो" एवढंच म्हणू शकलो. तिनं पाणी दिलं, गुळाचा चहा केला, आणि चुलीपाशी मला हळूच पुन्हा विचारलं, "खरंच कोन न्हाई ना गेलं?" मग तिनं बाला सावलीत खाट टाकून दिली आणि स्वतः खाली बसून हळद निवडू लागली. गाईचं बोलले, एका जुन्या भांडणाचं बोलले आणि त्यावर दोघंही हसले. ते भांडण मला माहीत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा बा उठला.

"बस की," आत्या म्हणाली. "आत्ताच तर आलास."

"जातो. उद्या सकाळी जुंपायचं हाय."

"मंग पुन्हा कवा? लेकीच्या लग्नाला?"

बानं पागोटं नीट केलं. "उद्या बी दुपार हायच की," तो म्हणाला.